अंगठ्याचा ‘थंब’ झाला की गिऱ्हाईक बिचकतं

पत्र : कोल्हापुरात चप्पल लाइनीत आमचं दुकान आहे, मी तिसऱ्या पिढीतला. दोन वर्षांपूर्वी इंग्रजीत वेबसाइट केली. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोवरून कोल्हापुरीचा गाजावाजा झाला, तेव्हापासून बाहेरचे लोक साइटवर येतात, जास्त करून जर्मनी, जपान आणि दुबईचे. जोड कार्टमध्ये टाकतात आणि निघून जातात. वर्षभरात अकरा ऑर्डरी गेल्या. त्यातल्या तीन परत आल्या, दोन मापामुळे आणि एक ‘आवाज करते’ म्हणून. साइटच्या कोपऱ्यात झेंडे आहेत, झेंडा दाबला की आपोआप भाषांतर होतं. एक एजन्सी जर्मन, जपानी आणि अरबी अशा तीन साइट करून द्यायला दीड लाख मागते आहे. करावं का? पानांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दीड लाख आत्ता देऊ नका. भाषांतर ही या कामाची शेवटची पायरी आहे आणि एजन्सी तुम्हाला तीच पहिली विकते आहे. तुमचं गिऱ्हाईक कार्टपर्यंत येतंय, म्हणजे चप्पल आवडली आणि इंग्रजीही कळलं. अडतंय ते पुढे. माप कळत नाही, दारात एकूण किती पैसे पडणार ते कळत नाही, पत्त्याचा फॉर्म भरता येत नाही. हे तिन्ही तसंच ठेवून साइट जपानीत केली, तर माणूस जपानीत अडकेल, एवढाच फरक.

तरी सुरुवात शब्दांपासूनच करू, कारण तुमच्या इंग्रजी पानावरच घोटाळा आहे. कापशी या प्रकारच्या चपलेच्या वर्णनात ‘थंब’ आहे आणि ‘टू इअर्स’ आहेत. तुम्हाला चपलेचा अंगठा म्हणायचा होता आणि पट्टा ज्यात ओवतात ते कान. यंत्राने अंगठ्याचा हाताचा अंगठा केला आणि कानाचा ऐकायचा कान. झेंडा दाबल्यावर यंत्र या इंग्रजीचं पुन्हा भाषांतर करतं, मग जर्मन माणसाला ‘डाउमेन’ आणि ‘ओरेन’ असलेली चप्पल दिसते. वेणीचं बायकांच्या केसांशी नातं जुळतं ते वेगळंच. यावर उपाय स्वस्त आहे. एका जोडाचा वरून एक आणि बाजूने एक फोटो काढा. पट्टा, अंगठा, कान, वेणी, गोंडा, तळ, टाच असे बाण काढून नावं लिहा. प्रत्येक नावापुढे तो भाग काय काम करतो ते एका साध्या वाक्यात लिहा, उदाहरणार्थ ‘पायाचा अंगठा अडकवायची चामड्याची कडी’. तीस-चाळीस शब्दांचा हा तक्ता दोन संध्याकाळींत होतो. पुढे कोणत्याही भाषेच्या भाषांतरकाराला आधी हा तक्ता द्यायचा, मग मजकूर. कापशी, पुकरी, बक्कलनाळी ही नावं मात्र भाषांतरात जाऊ देऊ नका. ती नावं आहेत, नावं म्हणूनच राहू देत. फक्त खाली उच्चार लिहा.

आता माप. परत आलेल्या तीन जोडांतले दोन यामुळेच आले. तुमच्या साइटवर 6, 7, 8, 9 एवढंच आहे. आपला 8 नंबर म्हणजे ब्रिटिश 8. जर्मनीत त्याच पायाला 42 म्हणतात आणि जपानमध्ये 26.5, कारण तिथला नंबर म्हणजे सरळ पायाची सेंटिमीटरमधली लांबी. तेव्हा नंबरांच्या तक्त्याच्या मुळाशी सेंटिमीटर ठेवा. गिऱ्हाइकाला सांगा : कागद जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा, सगळ्यांत लांब बोटाच्या टोकाला खूण करा. हे बोट दर वेळी अंगठाच असेल असं नाही. माप संध्याकाळी घ्या, दोन्ही पायांचं घ्या आणि मोठा पाय धरा. युरोपियन नंबर काढायचं गणित असं : सेंटिमीटरमध्ये दीड मिळवा आणि बेरजेला दीडने गुणा. 26.5 अधिक 1.5 म्हणजे 28, गुणिले 1.5 म्हणजे 42. पाय 25 सेंटिमीटर असेल तर 39.75, म्हणजे 40. दुकानातले नग यावर ताडून पाहा आणि साच्यात फरक असेल तर तक्ता तुमच्या साच्याप्रमाणे दुरुस्त करा. दुसऱ्या कंपनीचा तक्ता उचलून चिकटवू नका. हाताच्या कामात एकाच नंबरच्या दोन जोडांत काही मिलिमीटरचा फरक येतोच. महागड्या जोडांना तळाची प्रत्यक्ष लांबी आणि पंजाची रुंदी जोडागणिक लिहिलीत तर उत्तम. आणखी एक वाक्य हवं : पट्टा आणि अंगठा वापराने सैल होतात, म्हणून पहिल्या दिवशी चप्पल किंचित घट्ट वाटली पाहिजे. दुकानात हे तुम्ही तोंडी सांगता. साइटवर ते कुठेच नाही, म्हणून बाहेरचा माणूस घट्ट जोड ‘चुकीचं माप’ समजून परत करतो.

तिसरा जोड करकर वाजते म्हणून परत आला. आपल्याकडे करकर वाजणाऱ्या पायताणाचे पैसे जास्त मोजणारे लोक होते आणि आहेत. पण हॅम्बुर्गच्या लाकडी जिन्यावर वाजणारी नवी चप्पल म्हणजे बिघडलेली चप्पल, आणि त्या माणसाची यात काही चूक नाही. दोन पर्याय ठेवा, आवाजाची आणि बिनआवाजाची. आवाजाचीच्या पानावर दहा सेकंदांचा आवाजासह व्हिडिओ टाका आणि हा आवाज मुद्दाम ठेवतात असं लिहा. नव्या जोडाला तेल कसं लावायचं, तेलाने रंग गडद होतो, सुरुवातीला रंग पायाला लागू शकतो, पावसात घालू नये, हे सगळं त्याच पानावर विकत घेण्याच्या बटणाच्या वर यायला हवं. ‘नेहमीचे प्रश्न’ नावाच्या अडगळीत ते कुणी वाचत नाही.

दुबईचे लोक का निघून जातात, ते तुमच्या फॉर्मच्या स्क्रीनशॉटवरून लगेच दिसतं. पिनकोडचा रकाना सक्तीचा आहे आणि सहाच आकडे घेतो. अमिरातीत आपल्यासारखी पिनकोडची पद्धतच नाही. तिथला माणूस शून्यं टाकून बघतो, मग सोडून देतो. मोबाइलला तुम्ही दहा आकडे मागता, तिथे 971 नंतर नऊच असतात. राज्याच्या यादीत महाराष्ट्र आधीच निवडलेलं आहे आणि ती यादी आंध्र प्रदेशापासून सुरू होते. जर्मनीचा पिनकोड पाच आकडी, तिथे घराचा नंबर रस्त्याच्या नावानंतर येतो आणि पत्त्यात राज्य लिहायची गरज नसते. जपानचा सात आकडी, पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो, आडनाव आधी, आणि नावाचा उच्चार लिहायला वेगळा रकाना लागतो. शिवाय जपानी कीबोर्डवरून आकडे रुंद अक्षरांत टाइप होऊ शकतात. ते डोळ्यांना आकडेच दिसतात, पण तुमचा फॉर्म ‘फक्त आकडे लिहा’ म्हणून नाकारतो. तेव्हा आधी देश विचारायचा आणि त्यावरून बाकीचे रकाने बदलायचे. तयार दुकान-सॉफ्टवेअरमध्ये हे बहुतेक वेळा असतंच. तुमच्या साइटवाल्याने भारतासाठी म्हणून ते बंद केलेलं असणार. हे काम एका दिवसाचं आहे आणि आमच्या मते तुमची सगळ्यांत जास्त विक्री इथेच सांडते आहे.

पेमेंटमध्ये एक खड्डा आहे. रुपयाचे पैसे होतात, तसे येनचे आणखी लहान भाग होत नाहीत. कार्डाचे पैसे वसूल करणारे आपले बरेच गेटवे रुपये पैशांत मोजतात, म्हणजे 2,400 रुपयांसाठी 2,40,000 पाठवतात. तोच कोड येनला लावला तर 9,800 येनच्या जागी 9,80,000 येनची मागणी जाते. उलट कुवेत, बहरीन आणि ओमानच्या चलनात दशांशानंतर तीन घरं असतात. नवीन चलन सुरू केलं की खऱ्या कार्डावर एक छोटा व्यवहार करून बघितल्याशिवाय ते चालू ठेवू नका. किंमत लिहायची पद्धतही देशागणिक वेगळी. जर्मन माणूस दशांशाला स्वल्पविराम वापरतो आणि हजाराला टिंब. आपले लाखाचे स्वल्पविराम बाहेर फारसे कुणाला कळत नाहीत. तारीख 04/05 अशी लिहू नका, महिन्याचं नाव लिहा.

दारातली किंमत सगळ्यांत नाजूक. कुरिअरवाले खोक्याचं आकारमान मोजतात आणि त्यावरून वजन धरतात. 33 बाय 20 बाय 12 सेंटिमीटरचं खोकं, भागिले 5,000, म्हणजे सुमारे 1.6 किलो, चप्पल आत कितीही हलकी असो. खोकं 9 सेंटिमीटर उंचीचं केलंत तर ते 1.2 किलोवर येतं. हा खर्च उत्पादनाच्या पानावरच दिसू दे. जकात आणि कर कोण भरणार तेही तिथेच लिहा. तुम्ही आधीच भरणार असाल तर ‘दारात काही द्यावं लागणार नाही’ असं स्पष्ट लिहा. नसाल तर ते कुरिअरला द्यावे लागतील असं लिहा. ही ओळ नसली की पार्सल नाकारलं जातं आणि परतीचं भाडं तुमच्या माथी येतं. तुमच्या मालाला जागतिक कस्टम्सच्या यादीत स्वतःचा क्रमांक आहे, 6403.20. चामड्याचा तळ आणि पायावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे, असं तिथलं वर्णन आहे. जणू कोल्हापुरी समोर ठेवूनच लिहिलंय! तळ चामड्याचाच असेल तर बिलावर हा क्रमांक टाका. नुसतं ‘फुटवेअर’ लिहिलं की अधिकारी आपल्या मनाने क्रमांक लावतो.

आता देश निवडायचा. तिन्ही एकदम नकोत. आधी दुबई, मग जर्मनी, जपान शेवटी.

दुबई पहिली, कारण तिथे इंग्रजी चालतं, आपली माणसं आहेत आणि अरबांना ही चप्पल ओळखीची वाटते. आखातातल्या पुरुषांच्या पारंपरिक चामडी चपलेला, नआलला, अंगठा असतोच. त्यांना हा प्रकार समजावत बसावं लागत नाही, गुण सांगितले की पुरे. पण फोटो बदलावे लागतील. तुमच्या पहिल्याच पानावर एक मुलगा पाय समोर करून बसलाय आणि तळ थेट बघणाऱ्याच्या तोंडावर आहे. अरब समाजात तळवा किंवा चपलेचा तळ समोरच्याकडे करणं हा अपमान समजतात. 2008 साली बगदादमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांच्यावर बूट भिरकावला गेला, त्यातला डंख हाच होता. तळाची शिवण दाखवायची असेल तर जोड आडवा ठेवून बाजूने दाखवा. आतल्या तळव्यावर अरबी अक्षरांचा शोभेचा शिक्का मारायची कल्पना एजन्सीने तुम्हाला दिली आहे, ती तर अजिबात नको. नायकेने 1997 मध्ये सुमारे 38 हजार जोड बाजारातून परत घेतले होते, कारण ज्वाळांसारखं काढलेलं ‘एअर’ हे अक्षरचित्र अरबीतल्या ‘अल्लाह’सारखं दिसत होतं. आपल्याकडे देवाचं नाव पायताणावर कुणी छापत नाही, तीच गोष्ट. चामडं कोणत्या जनावराचं ते भागागणिक लिहा, तळ म्हशीचा, वेणी शेळीची, जे असेल ते. ‘शुद्ध चामडं’ एवढ्याने डुकराचं नाही ना, ही शंका जात नाही आणि गिऱ्हाईक ती विचारत बसत नाही.

तिथे घरपोच रोख देण्याची सवय अजून आहे, तेव्हा अशी वसुली करणारा कुरिअर शोधा. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण ठळक ठेवा आणि उत्तराची वेळ दुबईच्या घड्याळाने लिहा. ते आपल्यामागे दीड तास आहेत. 2022 पासून अमिरातीत सरकारी सुट्टी शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस असते, सौदीत मात्र शुक्रवार-शनिवार. ईदसाठी जोड हवे असतील तर ऑर्डर रमजानच्या पहिल्या पंधरवड्यात यायला हवी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेवर जाहिरात लावू नका.

अरबी पानं सहा महिन्यांनी, इंग्रजीतून विक्री दिसली तरच करा. तेव्हा एजन्सीला विचारा की पूर्ण मांडणी उजवीकडून डावीकडे फिरणार आहे का. नुसता मजकूर उजवीकडे चिकटवणं म्हणजे अरबी साइट नव्हे. मेनू, बाण, ऑर्डरच्या पायऱ्यांची पट्टी हे सगळं फिरलं पाहिजे. चपलेचे फोटो, फोन नंबर आणि किमतीतले आकडे फिरता कामा नयेत. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय अरबीला बंद ठेवा. त्यात अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात, अंतर टाकलं की शब्द फुटतो. जुन्या पीडीएफमधून कॉपी केल्यावर आपली जोडाक्षरं फुटतात ना, अगदी तसं.

जर्मनीत कागदपत्रं जड आहेत, पण गिऱ्हाईक टिकतं. तिथला माणूस कौतुकावर विश्वास ठेवत नाही, मापावर ठेवतो. तुमच्या पानावर ‘राजेशाही वारसा’ तीन वेळा आलाय आणि चामड्याची जाडी एकदाही नाही. जाडी मिलिमीटरमध्ये, जोडाचं वजन ग्रॅममध्ये, कमावणी बाभळीची साल आणि हिरड्याने असेल तर तसं, शिवण कशाची ते लिहा. या चार गोष्टी तुमच्या वारशाचं काम करतात. ‘इको-फ्रेंडली’ची हिरवी पानं काढून टाका. युरोपियन युनियनमध्ये 27 सप्टेंबर 2026 पासून असे मोघम पर्यावरणी दावे पुराव्याशिवाय करता येत नाहीत. चामडं वनस्पतींनी कमावलेलं असलं तरी क्रोमियम सहा या घातक रसायनाची चाचणी करून घ्या, मर्यादा किलोला 3 मिलिग्रॅम आहे. रंगांचीही चाचणी लागते, कारण काही अ‍ॅझो रंगांवर तिथे बंदी आहे. वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा, हे दाखवणारी ठरलेली चित्रचिन्हं जोडावर लागतात. तीच साइटवरही टाका, भाषांतराचा खर्च वाचतो.

तिथल्या गिऱ्हाइकाला विकणाऱ्या साइटवर इम्प्रेसुम नावाचं पान लागतं. त्यात मालकाचं पूर्ण नाव, खरा पत्ता, ईमेल असतं. भारतीय साइटवाल्यांना ही औपचारिकता वाटते, पण जर्मन माणूस पैसे देण्याआधी ते पान उघडून बघतो. माल परत करायला 14 दिवसांचा हक्क आहे. तो नीट सांगितला नाहीत तर मुदत आणखी 12 महिन्यांनी वाढते. 19 जून 2026 पासून साइटवर करार रद्द करायचं बटणही द्यावं लागतं. शेवटच्या बटणावर ‘त्सालुंग्सफ्लिश्टिग बेश्टेलेन’, म्हणजे ‘पैसे देणं बंधनकारक ठरेल अशी ऑर्डर’, असे किंवा तितकेच स्पष्ट शब्द हवेत. नुसतं ‘पुढे’ लिहिलंत तर गिऱ्हाइकावर तो करार बांधीलच होत नाही. हा शब्द लांब आहे हे तुम्ही बघताच आहात. जर्मन मजकूर इंग्रजीपेक्षा साधारण तीस टक्के जास्त जागा खातो, आणि तुमच्या मोबाइलच्या पानावर बटणाची रुंदी ठरवून टाकलेली आहे. डिसेंबर 2024 पासून युरोपियन युनियनमध्ये मालाची जबाबदारी घेणारी एक व्यक्ती किंवा संस्था तिथे असावी लागते आणि तिचं नाव-पत्ता उत्पादनाच्या पानावर द्यावा लागतो. ही सेवा पैसे घेऊन देणारे लोक आहेत. खोक्यांसाठी जर्मनीच्या लुसिड या वेष्टनांच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं. अक्षरांचे फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून मागवू नका, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये यावरून एका साइटवाल्याला 100 युरो भरपाई द्यायला लावली आहे. हे सगळं ऐकून दडपण येईल, म्हणूनच जर्मनी दुसरी.

जपानला चामड्याच्या बुटांवर कोट्याबाहेर 30 टक्के किंवा जोडामागे 4,300 येन, यातली जी जास्त ती जकात आहे, आणि दहा हजार येनखालच्या मालाची सूट चामड्याच्या पादत्राणांना मिळत नाही. तुमच्या 2,400 रुपयांच्या जोडावर चपलेइतकी जकात बसली तर विकायचं कुणाला? 6403.20 वर नेमका कोणता दर लागतो ते कस्टम्स ब्रोकरकडून लेखी घ्या, तोवर जपानी पानावर एक रुपया घालू नका. पुढे कधी केलंत तर फोटो दुप्पट लागतील, आतले, टाचेचे, शिवणीचे, आणि ‘वडीलधाऱ्यांना भेट द्या’ ही तुमची दिवाळीची पट्टी तिथे नको. मोठ्यांना पादत्राण भेट देणं तिथे तुडवण्यासारखं समजतात.

झेंडे काढा. अरबीला कोणत्या देशाचा झेंडा लावणार? ऑस्ट्रियाचा माणूस जर्मनीचा झेंडा का दाबेल? भाषेचं नाव त्याच भाषेत, त्याच लिपीत लिहा. आपोआप भाषांतराचं बटणही काढा. पुढे प्रत्येक भाषेला साइटच्या पत्त्यात स्वतःचा विभाग द्या. पानं एचरेफलँगने, म्हणजे हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते गूगलला सांगणाऱ्या खुणेने, एकमेकांना जोडताना दोन्ही बाजूंनी जोडा, एकाच बाजूने जोडलेलं गूगल मानत नाही. जपानी भाषेचं चिन्ह ‘जेए’ आहे. ‘जेपी’ हे देशाचं चिन्ह, आणि ही चूक सर्रास होते. माणूस कुठल्या देशातून आला ते बघून त्याला आपोआप दुसऱ्या भाषेत ढकलू नका. दुबईतला कोल्हापूरकर अरबी पानावर जाऊन पडेल.

एजन्सीला सध्या एवढंच काम द्या : देशागणिक बदलणारा फॉर्म, दिरहममध्ये किंमत, मापाचं पान आणि मोबाइलवरची बटणं. या कामाचा वेगळा दर मागा. काम झालं की दुबई किंवा शारजात राहणाऱ्या ओळखीच्या कुणाला तरी त्याच्या फोनवरून एक जोड मागवायला सांगा आणि फोनची स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. त्याला काहीही समजावून सांगू नका. तो जिथे थांबतो, मागे जातो किंवा एकच रकाना तीनदा भरतो, ती जागा आधी दुरुस्त करून घ्या, मगच एजन्सीचं बिल चुकतं करा.